जोसेफ मॅझिनी आणि फोडलेलीं पत्रें

इ. स. १८४४ च्या वसंत ऋतूंतील गोष्ट आहे. लंडन शहरांत राहणारा एक परदेशी गृहस्थ आपल्या नांवें आलेलीं पत्रें उजेडासमोर धरून बारकाईनें पाहत होता. त्याचा पोशाख काळा होता, चेहरा कृश होता, आणि वय अडतीस वर्षांचें होतें. कांहीं दिवसांपासून त्याचीं पत्रें नेहमींपेक्षां उशिरां येत, आणि टपालाच्या एका शिक्क्यावर दुसरा शिक्का मारून वेळ झांकलेली दिसे. म्हणून त्यानें व त्याच्या मित्रांनीं एक युक्ति केली होती. पाकिटांत कधीं खसखशीचे दाणे, कधीं वाळूचे बारीक कण, तर कधीं एखादा केंस घालून तीं पाकिटें त्याच्याच नांवें टपालांत टाकलीं होतीं. पाकिटें आलीं तेव्हां बंद होतीं. मोहोर वरवर शाबूत दिसत होती. परंतु आंतील खसखस नाहींशी झाली होती, वाळू सांडली होती, केंसही जागेवर नव्हता. वाटेंत कोणीं तरी तीं पत्रें उघडून, वाचून, पुन्हा जशींच्या तशीं बंद केलीं होतीं. आणि हें काम चोराचिलटांचें नसून खुद्द इंग्लंडच्या सरकारचें होतें.

तो गृहस्थ म्हणजे इटलीचा सुप्रसिद्ध देशभक्त जोसेफ मॅझिनी होय.

विद्यार्थिमित्रहो, मॅझिनीचें नांव महाराष्ट्राला नवें नाहीं. विनायक दामोदर सावरकर यांनीं त्याच्या आत्मचरित्रपर लेखांचें केलेलें मराठी भाषांतर १९०७ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालें, आणि त्या वेळच्या सरकारनें तें जप्त केलें. महात्मा गांधींनीं १९०९ सालीं लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकांत त्याच्याविषयीं आदर व्यक्त केला असून, वाचकांनीं वाचावयाच्या ग्रंथांच्या यादींत मॅझिनीच्या 'मानवाचीं कर्तव्यें' या पुस्तकाचा समावेश केला आहे. त्याच्या क्रांतीच्या कथा पुष्कळांनीं सांगितल्या आहेत. येथें त्याचें चरित्र थोड्या निराळ्या बाजूनें सांगावयाचें आहे. दुसर्‍याचें खासगी पत्र फोडण्याचा अधिकार कोणास असावा, आणि असलाच तर तो कोणत्या रीतीनें चालवावा, हा प्रश्न त्याच्या पत्रांमुळें सार्‍या इंग्लंडापुढें उभा राहिला. आज घरोघरीं, किंबहुना प्रत्येकाच्या खिशांत, मोबाईल फोन आहे. म्हणून हा प्रश्न तुम्हां आम्हां सर्वांचा आहे.

मॅझिनीचा जन्म २२ जून १८०५ रोजीं जिनोआ या बंदराच्या शहरीं झाला. त्याचे वडील जाकोमो हे वैद्य असून तेथील विश्वविद्यालयांत शारीरशास्त्राचे अध्यापक होते. आई मारिया ही धर्मनिष्ठ व करारी बाई होती. त्या काळीं इटली नांवाचें एक राज्य असें नव्हतेंच. जिनोआचें जुनें प्रजासत्ताक आधीं फ्रेंच साम्राज्यांत गेलें, आणि नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१५ सालीं तें पीडमाँटच्या राजाकडे सोंपविण्यांत आलें. लोंबार्डी आणि व्हेनिस हे प्रांत ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या ताब्यांत होते. मध्यभागीं पोपचें राज्य होतें, दक्षिणेस नेपल्सचा राजा होता, आणि उरलेल्या लहान संस्थानांवरही ऑस्ट्रियाचाच वचक होता. भाषा एक, परंपरा एक, परंतु राज्यें अनेक, अशी त्या देशाची स्थिति होती.

१८२१ सालीं, जोसेफ पंधरा वर्षांचा असतां, एके रविवारीं तो आईबरोबर जिनोआच्या रस्त्यानें चालला होता. पीडमाँटमधील एक उठाव नुकताच मोडला गेला होता, आणि पराभूत झालेले लोक जहाजानें स्पेनकडे जाण्यासाठीं त्या बंदरांत जमले होते. काळ्या दाढीचा एक उंच मनुष्य पांढरा रुमाल पसरून पुढें आला व देशांतरास निघालेल्या आपल्या बांधवांसाठीं मदत मागूं लागला. त्या रुमालांत पैसे पडले, आणि तो मनुष्य पुढें निघून गेला. मुलाच्या मनांतून मात्र त्याची नजर जाईना. आपल्या देशासाठीं आपणही कांहीं करूं शकूं, म्हणून तें केलेंच पाहिजे, हा विचार त्या दिवशीं प्रथम त्याच्या मनांत आला. देशाचें सुतक म्हणून तो काळे कपडे घालूं लागला, ते त्यानें जन्मभर सोडले नाहींत.

पुढें तो कायद्याचा पदवीधर झाला व गरिबांचे खटले चालवूं लागला. त्याच सुमारास कार्बोनारी नांवाच्या गुप्त मंडळींत तो शिरला. १८३० सालीं एका हेरानें दगा दिल्यामुळें तो पकडला गेला, आणि सव्होना येथील किल्ल्यांत त्याला कोंडण्यांत आलें. वडील जिनोआच्या गव्हर्नराकडे जाऊन मुलाचा अपराध कोणता हें विचारूं लागले. गव्हर्नरानें काय सांगितलें तें मॅझिनीनें पुढें लिहून ठेविलें आहे. त्याचा आशय असा कीं, मुलगा बुद्धिमान आहे, रात्रीं विचार करीत एकटाच भटकतो, आणि कशाचा विचार करतो तें कोणास सांगत नाहीं; ज्यांच्या मनांत काय आहे हें ठाऊक नाहीं असे हुशार तरुण सरकारास आवडत नाहींत. हें उत्तर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. मनुष्यानें काय केलें याचा जाब विचारणें हें न्यायाचें काम आहे. तो मनांत काय योजीत आहे हें कळलेंच पाहिजे, असा हट्ट धरणारी सत्ता मात्र निराळ्या जातीची असते. चौदा वर्षांनीं मॅझिनीला हाच हट्ट इंग्लंडांत दिसावयाचा होता.

किल्ल्यांतील त्याच्या कोठडींतून आकाश आणि समुद्र एवढेंच दिसे. बायबल, टॅसिटस आणि बायरन हीं तीन पुस्तकें त्याच्या सोबतीस होतीं. तेथेंच त्यानें आपल्या पुढील आयुष्याचा बेत ठरविला. गुन्हा शाबीत होईना, तेव्हां सरकारनें त्याच्यापुढें दोन मार्ग ठेविले: एखाद्या खेड्यांत पोलिसांच्या नजरेखालीं राहावें, किंवा देश सोडून जावें. त्यानें देश सोडला. १८३१ सालीं फ्रान्समधील मार्सेय या बंदरांत त्यानें 'तरुण इटली' ही संस्था स्थापिली. सर्व इटली एक व्हावी, ती परक्यांच्या ताब्यांतून मुक्त व्हावी, आणि तेथें प्रजेचें राज्य असावें, हीं तिचीं उद्दिष्टें होतीं. संस्थेचें मासिक उघडपणें इटलींत नेणें शक्य नव्हतें. म्हणून त्याच्या प्रती डांबराच्या व झामदगडाच्या पिंपांतून लपवून पाठवाव्या लागत.

या कार्याची किंमत मोठी पडली. १८३३ सालीं पीडमाँटच्या सरकारनें संस्थेचा छडा लावून पुष्कळ तरुणांना पकडलें, आणि कित्येकांना गोळ्या घातल्या. मॅझिनीचा बाळमित्र जाकोपो रुफिनी यानें तुरुंगांत आत्महत्या केली. खुद्द मॅझिनीला त्याच्या गैरहजेरींत देहांताची शिक्षा सुनावण्यांत आली. १८३४ सालीं त्यानें सव्हॉयवर काढलेली मोहीम फसली. त्यानंतर स्वित्झर्लंडांत लपूनछपून राहत असतां त्याच्या मनांत अतिशय कालवाकालव झाली. आपल्या शब्दांवर विश्वास ठेवून मेलेल्या तरुणांचें रक्त आपल्या माथीं तर नाहीं ना, हा प्रश्न त्याला झोंप येऊं देईना. या काळोखांतून तो बाहेर पडला तो एका निश्चयानें: जीवित हें सुखासाठीं नसून कर्तव्यासाठीं आहे, आणि कर्तव्याचें फळ आपल्या हयातींत दिसलेंच पाहिजे असा नियम नाहीं. हाच विचार पुढें त्यानें आपल्या 'मानवाचीं कर्तव्यें' या ग्रंथांत विस्तारानें मांडला.

१८३७ च्या जानेवारींत तो लंडनला आला. तेथें दारिद्र्य त्याच्या वांट्यास आलें. रविवारच्या जेवणासाठीं शनिवारीं जुना कोट आणि बूट गहाण टाकण्याची पाळी त्याच्यावर आली. लेख लिहून तो कसाबसा पोट भरी. तरीही १८४१ च्या नोव्हेंबरांत हॅटन गार्डन या भागांत त्यानें इटालियन मुलांसाठीं एक मोफत रात्रशाळा उघडली. इटलींतील गरीब आईबापांना भुलवून कांहीं लोभी मालक त्यांचीं मुलें लंडनला आणीत. दिवसभर वाद्यपेटी फिरवून किंवा मातीच्या मूर्ती विकून तीं मुलें भीक मिळवीत. ठराविक रक्कम आणली नाहीं तर त्यांना मार मिळे व उपाशी निजावें लागे. अशा मुलांना मॅझिनी व त्याचे मित्र वाचन, लेखन, गणित आणि भूगोल शिकवीत, आणि रविवारीं त्यांच्या देशाचा इतिहास सांगत. ज्याला राजे लोक भयंकर कटवाला म्हणत, तो रात्रीच्या दिव्यापाशीं बसून भिकारी मुलांना अक्षरें गिरवावयास लावीत असे, हें त्याच्या चरित्रांतील चित्र शाळेच्या मासिकांत नमूद करण्याजोगें आहे.

आतां पत्रांकडे वळूं. त्यासाठीं त्या वेळच्या टपालाची थोडी माहिती पाहिजे. १८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचा खर्च अंतरावरून व कागदांच्या संख्येवरून ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाराकडून वसूल होई. गरिबांना पत्र म्हणजे चैनच होती. रोलंड हिल याच्या योजनेप्रमाणें १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचें पत्र देशांत कोठेंही एका पेनींत जाऊं लागलें, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत टपालाचें तिकीट निघालें. १८३९ सालीं सुमारें ७ कोटी ६० लक्ष पत्रें गेलीं होतीं. १८४० सालीं तीं सुमारें १७ कोटी झालीं. दूर चाकरीस राहिलेली मुलगी आईला लिहूं लागली. व्यापारी, मजूर, विद्यार्थी, सारेच लिहूं लागले. नवी सोय आली म्हणजे मनुष्य आपलें अंतःकरण तिच्या हवालीं करतो. आपल्या देशांतही १८५४ सालीं अर्ध्या आण्याचें तिकीट निघाल्यावर हेंच झालें, आणि मोबाईल फोन आल्यावर पुन्हा झालें.

ज्या टपालावर लोकांनीं असा भरंवसा टाकला, त्याच्या मुख्य कचेरींत पत्रें उघडण्याचें काम गुप्तपणें चाले. लाखेच्या मोहोरेचा ठसा घेणें, पत्र उघडून नक्कल करणें, आणि पुन्हा हुबेहुब मोहोर उमटविणें, या कलेंत तेथील माणसें तरबेज होतीं. गुप्तलिपी उलगडण्याचें काम तर एकाच घराण्यांतील माणसें पिढ्यान्‌पिढ्या करीत होतीं. मंत्र्याच्या लेखी हुकुमानें पत्र उघडतां येईल अशी तरतूद १७११ च्या कायद्यांतच होती. परंतु हा हुकूम किती वेळां सुटतो, कोणाविरुद्ध सुटतो, हें सामान्य लोकांना मुळींच ठाऊक नव्हतें. १८४४ सालीं इटलींत नवा उठाव होणार अशी ऑस्ट्रियाला भीति वाटत होती, आणि तिच्या वकिलानें इंग्लंडच्या परराष्ट्रमंत्र्याकडे, लॉर्ड अ‍ॅबर्डीनकडे, मॅझिनीवर नजर ठेवण्याविषयीं गोष्ट काढली. १ मार्च रोजीं गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यानें हुकुमावर सही केली. मॅझिनीच्या नांवें येणारीं सगळीं पत्रें कित्येक आठवडे उघडलीं जात होतीं. कोणतें पत्र कटाचें आणि कोणतें मित्राच्या आजाराचें, हें फोडल्यावांचून कळण्यासारखें नव्हतें. म्हणून सगळींच फोडावयाचीं. त्यांतील मजकुराचा सारांश परराष्ट्रखात्यामार्फत ऑस्ट्रियापर्यंत पोहोंचविण्यांत आला.

खसखशीच्या दाण्यांनीं पुरावा हातीं येतांच मॅझिनी व त्याचे इंग्रज मित्र यांनीं पार्लमेंटास अर्ज केला. १४ जून १८४४ रोजीं फिन्सबरीचा प्रतिनिधि टॉमस डंकोम यानें तो कॉमन्स सभेंत मांडला. गृहमंत्र्यानें असा एक हुकूम सुटल्याचें कबूल केलें, परंतु अधिक माहिती देण्याचें नाकारलें. मग मात्र देशांत एकच गहजब उडाला. वर्तमानपत्रांनीं मंत्र्यावर टीकेची झोड उठविली, आणि 'पंच' या विनोदी पत्रानें त्याचीं व्यंगचित्रें छापलीं. पत्र फोडणें याला ग्रॅहॅमच्या नांवाचें नवें क्रियापदच तयार झालें. हें पाकीट ग्रॅहॅम करूं नये, अशा अर्थाचा मजकूर लोक पाकिटांवर लिहूं लागले. प्रख्यात ग्रंथकार टॉमस कार्लाईल याला मॅझिनीचीं राजकीय मतें पटत नसत. तरी त्यानें 'टाइम्स' पत्रांत लिहून त्याच्या सचोटीची ग्वाही दिली आणि दुसर्‍याचें बंद पत्र फोडणें हें खिसा कापण्याच्या जातीचें काम ठरविलें. आपल्या देशांतील शिक्षणाच्या इतिहासांत ज्याचें नांव येतें त्या मेकॉलेनेंही कॉमन्स सभेंत या प्रकाराचा निषेध केला.

अखेर दोन्ही सभागृहांनीं चौकशीसाठीं गुप्त कमिट्या नेमल्या. त्यांचे अहवाल ऑगस्टांत बाहेर आले, तेव्हां असें दिसलें कीं, हा प्रकार एका ग्रॅहॅमचा नव्हता. शंभराहून अधिक वर्षें प्रत्येक पक्षाच्या मंत्र्यांनीं असे हुकूम सोडले होते. त्यामुळें विरोधी पक्षाचें तोंडही थोडें बंद झालें. कायदा बदलला नाहीं. मंत्र्याचा अधिकार कायम राहिला. परंतु परदेशीं पत्रें उघडण्याची गुप्त कचेरी व गुप्तलिपी उलगडण्याची शाखा त्याच वर्षीं बंद करण्यांत आली. आपला बचाव करतांना ग्रॅहॅमनें मॅझिनीवर खुनास चिथावणी दिल्याचा एक जुना आरोप पुन्हा केला होता. तो निराधार असल्याचें कळल्यावर १८४५ सालीं त्यानें पार्लमेंटांत उघडपणें माफी मागितली. इतका प्रामाणिकपणा त्याच्या पदरीं बांधला पाहिजे.

या गोंधळांतच एक दुःखद बातमी आली. अत्तिलिओ व एमिलिओ बांदिएरा हे दोघे भाऊ ऑस्ट्रियाच्या आरमारांत अधिकारी असून त्यांचा बाप त्याच आरमारांत सेनापति होता. ते मॅझिनीच्या विचारांचे होऊन कॉर्फू बेटांत पळून गेले होते, आणि त्याच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. जूनमध्यें सुमारें वीस सोबत्यांसह ते इटलीच्या दक्षिण किनार्‍यावर उतरले, लगेच पकडले गेले, आणि २५ जुलै १८४४ रोजीं कोझेंझा गांवाजवळ सात साथीदारांसह त्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. लंडनांत उघडलेल्या पत्रांनींच त्यांचा घात केला असा लोकांचा समज झाला. खरें पाहतां मॅझिनीनें त्यांना या साहसापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता, आणि किनार्‍यावर उतरल्यावर त्यांच्याच एका सोबत्यानें फितुरी केली. परंतु सरकारनें सर्व व्यवहार अंधारांत केला असल्यामुळें, त्याच्या खुलाशावर विश्वास ठेवण्यास कोणी तयार होईना. गुप्तपणें वागणार्‍याला हा दंड भरावाच लागतो. तो खरें बोलला तरी तें लोकांना पटत नाहीं.

येथें सरकारची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. मॅझिनी हा निरुपद्रवी पंडित नव्हता. तो लंडनांत बसून उठावांच्या योजना आंखीत असे, त्याच्या पत्रांत गुप्तलिपी असे, आणि युरोपांत शांतता राखण्याची जबाबदारी मंत्र्यांवर होती. राज्याचें रक्षण करणाराला कधीं तरी एखादें पत्र पाहण्याची गरज पडेल, हें कोणताही समंजस मनुष्य नाकारणार नाहीं. मग इंग्लंडच्या लोकांना एवढी चीड कां आली? माझ्या मतें त्याचें कारण त्या पुन्हा उमटविलेल्या मोहोरेंत आहे. दारावर हुकूम दाखवून झडती घेणारा अधिकारी आपलें नांव सांगतो, त्याला जाब विचारतां येतो, आणि त्याची चूक झाली तर कोर्टांत जातां येतें. पत्र फोडून तें जसेंच्या तसें चिकटविणारा आपलें कृत्य पुसून टाकतो. ज्याचें पत्र त्याला कळत नाहीं, म्हणून तो तक्रार करीत नाहीं. तक्रार नाहीं म्हणून चौकशी नाहीं. आणि चौकशी नाहीं म्हणून एक पत्र उघडणारा हात उद्यां शंभर उघडतो. पत्र फोडण्यापेक्षां तें फोडलें नाहीं असें भासविणें, हा अधिक मोठा अन्याय होय. चार खसखशीच्या दाण्यांनीं हें भासविणें उघडकीस आणलें.

दुसर्‍यावर टीका करणें सोपें असतें. स्वतःच्या हातीं सत्ता आल्यावर मनुष्य कसा वागतो त्यावरून त्याची खरी पारख होते. मॅझिनीला ही संधि १८४९ सालीं मिळाली. आदल्या वर्षीं युरोपभर क्रांत्या झाल्या होत्या आणि पोप नववे पायस रोम सोडून गेले होते. ९ फेब्रुवारी १८४९ रोजीं रोम येथें प्रजासत्ताकाची घोषणा झाली. मार्चच्या अखेरीस तिघां मुख्य कारभार्‍यांपैकीं एक म्हणून मॅझिनीची निवड झाली. राजवाड्यांतील एका लहान खोलींत तो राहत असे, स्वस्त खाणावळींत जेवत असे, आणि ज्याला भेटावयाचें असेल त्याला विनासायास भेटत असे. फ्रान्सची फौज शहराला वेढा घालून बसली होती आणि तटावर गॅरिबाल्डी लढत होता. असा प्रसंग म्हणजे पत्रें फोडण्यास उत्तम निमित्त! परंतु त्याच दिवसांत तेथील लोकसभा एक राज्यघटना लिहीत होती. तिनें देहांताची शिक्षा रद्द केली, विचार प्रकट करण्याचें स्वातंत्र्य दिलें, घर हें पवित्र ठरविलें, आणि पत्रांची गुप्तता अभंग राहील असें स्पष्ट कलम घातलें. ३ जुलै १८४९ रोजीं फ्रेंच सैन्य शहरांत शिरत असतां कॅपिटॉलच्या टेकडीवर ती घटना लोकांसमोर जाहीर करण्यांत आली. ती एक दिवसही अंमलांत आली नाहीं. पराभवाच्या घटकेस लिहिलेल्या त्या कागदाचा उपयोग काय, असें त्या दिवशीं पुष्कळांना वाटलें असेल.

यानंतरचें मॅझिनीचें आयुष्य पुन्हा वनवासांत गेलें. इटली एक झाली, पण ती त्याच्या मनासारखी झाली नाहीं. १७ मार्च १८६१ रोजीं इटलीचें राज्य जाहीर झालें, तें राजाचें होतें. १८६६ सालीं मेसिनाच्या लोकांनीं त्याला आपला प्रतिनिधि निवडलें. परंतु जुनी देहांताची शिक्षा त्याच्या नांवावर असल्यामुळें ती निवडणूक रद्द करण्यांत आली. १८७० सालीं त्याला पकडून गाएता येथें ठेविलें होतें. तो किल्ल्यांत असतांच २० सप्टेंबरास इटलीचें सैन्य रोममध्यें शिरलें. पुढें सुटका झाल्यावर तो ब्राऊन या खोट्या नांवानें पीसा शहरीं एका स्नेह्याच्या घरीं राहिला. जो देश एक व्हावा म्हणून त्यानें सारें आयुष्य वेंचिलें, त्याच देशांत त्याला परक्या नांवानें राहावें लागलें. १० मार्च १८७२ रोजीं तेथेंच त्याचें देहावसान झालें. जिनोआ येथील स्टालिएनोच्या दफनभूमींत त्याची समाधि आहे.

परंतु १८४९ चा तो कागद वायां गेला नाहीं. २ जून १९४६ रोजीं इटलीच्या लोकांनीं मत देऊन राजेशाही काढून टाकली, आणि १ जानेवारी १९४८ पासून अंमलांत आलेल्या त्यांच्या राज्यघटनेंत पत्रव्यवहाराचें स्वातंत्र्य व गुप्तता हीं अभंग मानलीं आहेत. त्यांना मर्यादा घालावयाची तर न्यायाधिकार्‍याचा सकारण हुकूम लागतो, असेंही तेथें सांगितलें आहे. मॅझिनीच्या मृत्यूनंतर पाऊणशें वर्षांनीं हें झालें.

आपल्या देशांत काय स्थिति आहे? १८९८ च्या टपाल कायद्यांत, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतही, कांहीं कारणांसाठीं टपाल अडविण्याचा अधिकार सरकारास ठेविलेला आहे. टेलिफोनवरील बोलणें चोरून ऐकण्यासंबंधीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं कांहीं बंधनें घालून दिलीं. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे. हल्लीं संदेशांना लाखेची मोहोर नसते. गणिताच्या सूत्रांनीं ते बंद केलेले असतात. परंतु मालकाला न कळतां फोनमधील मजकूर दुरून वाचणारीं साधनेंही निघालीं आहेत, आणि त्यांवरून अनेक देशांत मोठे वाद झाले आहेत. असा फोन उघडला गेला तर त्यांतून खसखस सांडत नाहीं. म्हणूनच उघडणार्‍यानें कोणाच्या परवानगीनें उघडलें, कोणत्या कारणासाठीं उघडलें, आणि नंतर त्याचा हिशेब कोणास दिला, हे तीन प्रश्न विचारीत राहणें हें नागरिकांचें कर्तव्य झालें आहे.

शेवटीं दोन शब्द पालकांसाठीं आणि दोन विद्यार्थ्यांसाठीं. मुलांच्या हातीं फोन दिल्यावर आईबापांना काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. लहान मुलाच्या फोनमध्यें काय चाललें आहे हें पाहण्याचा अधिकार आईबापांना आहे, असें मीही मानतों. परंतु तें मुलास सांगून, त्याच्या समोर, कारण समजावून करावें. मूल निजल्यावर फोन उघडून, पुन्हा होता तेथें ठेवून, सकाळीं कांहीं न घडल्यासारखें बोलणें, ही टपालकचेरींतील त्या आंतल्या खोलीची रीत झाली. मुलाच्या हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे तें फोन लपविण्यास शिकतें, आणि मग संकटाच्या वेळींही आईबापांकडे येत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, मॅझिनी सांगत असे कीं, हक्काच्या मागें नेहमीं कर्तव्य उभें असतें. आपलें पत्र कोणीं वाचूं नये असें ज्याला वाटतें, त्यानें आधीं दुसर्‍याचें न वाचण्याची संवय लावून घ्यावी. सोबत्यानें बांकावर विसरलेली वही, वसतिगृहांत दुसर्‍याच्या नांवानें आलेलें पाकीट, मित्रानें विश्वासानें हातीं दिलेला उघडा फोन, हीं तुमच्याकडे सोंपविलेलीं बंद पत्रेंच आहेत. तीं जशीं मिळालीं तशीं परत करावीं.